रबडीवर तिखट-मीठ कशासाठी?



अमरावती काय नि अकोला काय, आपल्या लग्नांत गोडाच्या काउंटरवर आता तिखट येऊन बसलं आहे. पेरूच्या आईस्क्रीमवर तिखट-मीठ, मिरचीचं आईस्क्रीम, आणि आता तर रबडीवर पेरी-पेरी! ‘काहीतरी वेगळं’ म्हणून वाहवाही होते. मला हे पटत नाही. माझ्या जिभेला आवडत नाही म्हणून नव्हे.

आपल्यात रसत्याग आहे, सहा बाह्य तपांपैकी एक. दूध, दही, तूप, तेल, गोड, मीठ यांतला एखादा रस सोडायचा. कितीतरी घरांत सासूबाईंना रविवारी मिठाचा त्याग असतो. मुक्तागिरीला जाऊन कुणी वर्षभरासाठीही नियम घेऊन येते. अशा बाईला पंगतीत उरतं काय? वरण-भाजीला तिला हात लावता येत नाही. खीर, रबडी मात्र ती न विचारता घेते, कारण त्यात मीठ नसतं हे तिला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही वरून चाट मसाला भुरभुरलात की तिचा नियम मोडला, आणि तिला कळलंही नाही. पुरणपोळीच्या कणकेत आपणही चिमूटभर मीठ घालतो, हे खरं. पण ते प्रत्येकीला माहीत असतं, म्हणून त्यागाच्या दिवशी अळणी कणीक वेगळी भिजवली जाते.

आणि ती मसाल्याची पुडी जरा उलटून वाचा. पेरी-पेरीत बहुतेक वेळा लसणाची पूड असते, कांद्याचीही. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्यावर विसंबू नका. तो फक्त ‘शाकाहारी’ एवढंच सांगतो. कांदा-लसूण त्यात चालतो. जन्मभर कंदमूळ न खाल्लेल्या बाईच्या तोंडात रबडीतून लसूण जावा?

कुणी म्हणेल, आजीच्या डिंकाच्या लाडवात सुंठ नव्हती का? होती की. बाळंतिणीला ऊब मिळावी म्हणून होती. ओलं आलं आपल्याला वर्ज्य, पण वाळलेली सुंठ औषधापुरती चालते. पुरणात जायफळ घालतो ते जड पुरण पचावं म्हणून. यातली प्रत्येक गोष्ट कशासाठी आहे ते आजी सांगू शकत होती. रबडीवरचं तिखट कशासाठी, ते एकाही केटररला सांगता आलेलं नाही. ‘ट्रेंड आहे, ताई,’ एवढंच.

मिरचीशी माझं वैर नाही. वऱ्हाडात राहून ते जमणारही नाही. आपला ठेचा लसणाविना होतो, तरी डोळ्यांतून पाणी काढतो. तो भाकरीवर खावा.

तेव्हा यंदा लग्न ठरवताना केटररला आधीच बजावा. गोडावर काहीही भुरभुरायचं नाही. पोरांना हौस असेल तर तिखट-मिठाची वाटी वेगळ्या टेबलावर ठेवा, चमचाही वेगळा, आणि शेजारी पाटी लावा: यात मीठ आहे, मिरची आहे. लसूण असेल तर ती वाटी मांडवात आणायचीच नाही.