साखरेची गोडी आणि कोयत्याची वेठ

चीनच्या शिनजियांग प्रदेशात उइघुर जनतेवर जो जुलूम चालला आहे, त्याची दखल जगाला अखेर घ्यावी लागली. माणसांस ‘प्रशिक्षण केंद्र’ अशा गोंडस नावाच्या छावण्यांत डांबावयाचे, सक्तीने कामास जुंपावयाचे आणि तो माल देशोदेशींच्या बाजारात धाडावयाचा, असा हा व्यवहार! मानवतेविरुद्धचा गुन्हा ठरू शकतील अशी ही कृत्ये आहेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ रोजी नमूद केले. अमेरिकेने तर डिसेंबर २०२१ मध्येच कायदा करून ठरविले की, त्या प्रदेशातील माल वेठीनेच निर्माण झाला असे गृहीत धरले जाईल. तसे नसल्यास आयात करणाराने ते सिद्ध करावे.

हा न्याय आम्हांस मान्य आहे. म्हणूनच तो आमच्या दाराशीही लावून पाहणे आम्ही कर्तव्य समजतो.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडच्या गावांना कुलुपे लागतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या आणि सीमा ओलांडून कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून हिशेबात ‘एक कोयता’. म्हणजे स्त्रीच्या श्रमाला स्वतंत्र नावही नाही! आजारी पडून घरी राहिली तर खाडा लागतो. हंगाम सरला आणि उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतील १३,८६१ जणींची गर्भाशये काढून टाकलेली आढळली. म्हणजे सहांत एक! ह्याच महाराष्ट्राची साखर कोका-कोला आणि पेप्सिको ह्या जगड्व्याळ कंपन्यांपर्यंत पोहोचते, हे मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने जगापुढे मांडले.

बीडची कोपी आणि शिनजियांगची छावणी एकच, असे म्हणण्याचा अविचार आम्ही करणार नाही. तेथे राज्यसत्ता जुलूम करते. येथे कर्ज करते. परंतु ‘उचल त्यांनी राजीखुशीने घेतली’ ह्या सबबीत काय अर्थ आहे? घरात दाणा नाही आणि रानात पाणी नाही, अशा वेळी दिलेल्या अंगठ्याला राजीखुशी म्हणत नाहीत. आमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगितले की, गरिबीने गांजून किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबणे हीही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध केलेली वेठच होय. डिसेंबर १९८३ मध्ये न्यायालय पुढे गेले: मजूर वेठीने राबतो असे दिसले, तर तो आगाऊ रकमेपोटी बांधला गेला आहे असे गृहीत धरावे, तसे नसल्याचे मालकाने दाखवावे. अमेरिकेने २०२१ मध्ये शोधलेला न्याय आमच्या घरी अडतीस वर्षे आधी लिहिलेला होता! वेठबिगारी रद्द करणारा कायदा तर १९७६ चा. मग उणे कशाचे आहे?

उणे आहे ते जबाबदारी पत्करणाऱ्याचे. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. मजूर सीमेपार गेला की एक सरकार म्हणते तो आमच्या हद्दीत नाही, दुसरे म्हणते तो आमचा नव्हे. सीमेचे दुःख जाणणाऱ्या आमच्या वाचकांना ही पळवाट नव्याने समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ऊस ज्याच्या गव्हाणीत पडतो, त्या कारखान्यानेच मजुराचा धनी म्हणून उत्तर दिले पाहिजे. प्रत्येक उचल लेखी नोंदली जावी, स्त्रीची मजुरी तिच्या स्वतःच्या नावे मिळावी, आजारपणाचा खाडा बंद व्हावा आणि दोन्ही राज्यांनी एकच नोंदवही ठेवावी.

परक्याच्या अन्यायाविरुद्ध घसा कोरडा करणे सोपे असते. आपल्या चहात विरघळलेल्या अन्यायाचा जाब विचारणे, हीच न्यायप्रियतेची खरी कसोटी होय.