मासा मेला नाही, एवढे पुरेसे नाही

कारखान्याचे सांडपाणी माशांना घातक आहे का, हे ठरवणारी एक जैवचाचणी आपल्या नियमांत आहे. त्या पाण्यात ९६ तास ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के जगले, की पाणी पास. तीव्र विष ओळखायला ही कसोटी ठीक आहे. प्रतिजैविकांपुढे मात्र ती आंधळी ठरते, कारण ही औषधे माशाला सहसा चार दिवसांत मारत नाहीत, आतून खिळखिळा करतात. टेट्रासायक्लिन जिवाणूंमधील प्रथिननिर्मिती रोखते. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाचे पूर्वजही जिवाणूच असल्याने तिथलेही काम मंदावते. आतड्यातील उपयोगी जिवाणूंचा समतोल ढासळतो, यकृत आणि कल्ल्यांवर ताण येतो.

हैदराबादजवळच्या पाटनचेरूचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे आहे. तिथल्या सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका सामायिक केंद्रात शुद्ध होत असे. स्वीडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, प्रक्रियेनंतर बाहेर पडणाऱ्या त्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत होते. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते एवढे नसते! पुढे, २००९ मध्ये, हेच पाणी पाचशे पट पातळ करून त्यात रेनबो ट्राउट ठेवले, तेव्हा त्यांच्या यकृतातील जनुकांचे काम आणि रक्तातील फॉस्फेट बदललेले आढळले. तितक्याच पातळ पाण्यात बेडकाच्या पिल्लांची वाढ सुमारे ४० टक्क्यांनी घटली. जगण्या-मरण्याच्या चाचणीत यातले काहीच उमटले नसते. ज्या ओढ्यांत हे पाणी जात होते ते मांजरेला मिळतात. बीडच्या बालाघाटात उगम पावलेली ही नदी पुढे महाराष्ट्राच्या सीमेवर गोदावरीला मिळते.

त्या पाण्यात इतरही रसायने होती, मग दोष एकट्या प्रतिजैविकांना का, असे विचारले जाते. प्रश्न रास्त आहे. ट्राउटमधील प्रत्येक बदल सिप्रोफ्लॉक्सासिनमुळेच झाला, असे म्हणता येणार नाही. पण नदीतला मासा हे मिश्रणच अंगावर घेतो. म्हणून चाचणी अधिक बारीक हवी. ती सैल ठेवण्याचे ते कारण होऊ शकत नाही. दवाखाने, घरे आणि कुक्कुटपालनातूनही ही औषधे पाण्यात जातात, हेही खरे. ती विखुरलेली असतात, पकडणे अवघड. कारखान्याच्या तोंडाशी मात्र ती दाट आणि एकाच नळात सापडतात. तिथेच आवर घालणे सर्वांत सोपे. औषधे महागतील, हा आक्षेप गंभीर आहे, कारण गरीब रुग्णाला स्वस्त गोळी हवीच. पण आज तिची उरलेली किंमत खालच्या अंगाचा मच्छीमार आणि शेतकरी भरतो, आणि ती कुठल्याच पावतीवर नसते. केंद्र सरकारने जानेवारी २०२० च्या मसुद्यात १२१ प्रतिजैविकांसाठी मर्यादा सुचवल्या होत्या. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून त्या गळल्या. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२४ मध्ये याच सांडपाण्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. त्या आधाराने मर्यादांचा तो तक्ता परत आणावा, आणि जैवचाचणीत रोहूसारख्या आपल्या माशांची काही आठवड्यांतील वाढ, यकृत आणि कल्ले तपासणे सक्तीचे करावे.