बालगंधर्वांना पदवी, नाच्याला शिवी

नारायण श्रीपाद राजहंस रंगमंचावर स्त्री होत, तेव्हा प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया त्यांच्या नेसण्याची नक्कल करीत. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. १९६८ साली पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर उभे राहिले. त्याच महाराष्ट्रात तमाशाच्या फडावर नाच्याही मुरडत, लाजत बायकी ढंग साकारीत होता. त्याच्या भूमिकेचे नाव मात्र शिवी झाले. फरक अभिनयात शोधणे व्यर्थ आहे. संगीत नाटक पांढरपेशांचे होते, तमाशा मुख्यतः महार, मांग, कोल्हाटी कलावंतांचा.

कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी हाच नाच्या मराठी चित्रपटांत अजरामर केला. ते संसारी गृहस्थ. तरी भूमिका हाच त्यांचा स्वभाव मानला गेला आणि त्याची झळ घरच्यांनाही लागली. ‘क्विअर’ सादरीकरणाचा अभ्यास म्हणजे कलावंताच्या खासगी आयुष्यात डोकावणे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. प्रेक्षक कोणाला काय करू देतो आणि त्याची किंमत कोणाकडून वसूल करतो, हा या अभ्यासाचा खरा प्रश्न. शब्द परका असेल. प्रश्न इथलाच आहे.

कोरियातही नामसादांग नावाच्या पुरुषांच्या फिरत्या मंडळ्या होत्या. समाजाच्या तळाशी लोटलेल्या, कोवळ्या मुलांना मुलींचा वेष देणाऱ्या. २००९ साली युनेस्कोने त्यांची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. त्याआधी, २००५ च्या अखेरीस प्रदर्शित झालेला ‘द किंग अँड द क्लाउन’ हा चित्रपट तेथे सव्वा कोटीच्या आसपास प्रेक्षकांनी पाहिला. त्यातील गोंगगिल या विदूषकाचा राजदरबारच्या जुन्या नोंदींत जेमतेम उल्लेख आहे. तेवढ्या धाग्यावर आधी नाटक आणि मग चित्रपट उभा राहिला!

शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या ग्रंथात तमाशातील दलित स्त्रियांचा इतिहास जातीच्या अंगाने मांडला. नाच्यालाही तीच कसोटी लावली पाहिजे, आणि ती लवकर लावली पाहिजे. जुन्या फडांतील माणसे थकत चालली आहेत.

आज परभणीजवळच्या झरीत बसलेल्या तरुणालाही पुरुषाने सादर केलेली लावणी मोबाइलवर दिसते. चित्रफीत हातोहात पुढे जाते. पण नाचणारा कोण, फड कोणता, गाव कोणते, साल कोणते, हे बहुधा वाटेतच गळून पडते. खाली पाहणाऱ्यांचा आकडा तेवढा अचूक असतो.