करणी नव्हे, गाजरगवत!



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील एका ताईंच्या हातांवर आणि मानेवर लाल चट्टे उठले. खाज थांबेना. शेजारणी म्हणाल्या, "कुणीतरी करणी केली, अंगारा लावा." आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "गाजरगवत उपटता का?" ताई ठेकेदाराकडे गवत काढायला जात होत्या, तेही उघड्या हातांनी!

म्हणून आज सूर्यफुलाच्या कुळातील रानफुले ओळखू या. या कुळाची खूण सोपी आहे. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो. सूर्यफूल उकलून मुलांना दाखवा, लगेच पटेल.

दगडीपाला : जमिनीलगत पसरतो. पाने केसाळ. लांब दांड्यावर एकच फूल, म्हणून यालाच एकदांडी म्हणतात. मधला भाग पिवळा, कडेच्या फिकट पाकळ्यांना टोकाशी तीन दाते.

माका : ओलसर जागी, गटाराकाठी उगवतो. फूल लहान, पांढरे. पान चुरगळले की रस काळा पडतो. केसांच्या तेलातला माका तो हाच.

सोनकी : पावसाळा सरताना सह्याद्रीच्या उतारांवर पिवळीधमक फुलते.

गाजरगवत : मूळ अमेरिका खंडातले. आपल्याकडे १९५५ साली पुण्यात प्रथम आढळले. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली, फुले पांढरी, बारीक आणि झुपक्यांनी येणारी. एका झाडाला हजारो बिया येतात. अंगाला लागल्यास खाज सुटते, परागांमुळे शिंका येतात, दम्याचा त्रास वाढतो.

हे गवत फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटावे. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, नाकातोंडाला फडके बांधावे. ठेकेदाराच्या कामावर जाणाऱ्या भगिनींनी हातमोजे मागून घ्यावेत. ते उपकार नाहीत, आपला हक्क आहे.

भगवान बुद्धांचा धम्म 'एहिपस्सिको' आहे. या आणि स्वतः पाहा, असे तो सांगतो. येत्या रविवारी वंदनेनंतर मुलांना घेऊन विहाराभोवती एक फेरी मारू या. गाजरगवत मात्र लांबूनच दाखवावे. ज्याला गवत ओळखता येते, त्याला अंगाऱ्याची गरज पडत नाही.