शेवटच्या अंघोळीचे पाणी

दिवाळीच्या सुट्टीत गडमुडशिंगीला आत्याकडे गेलो की पहाटे जाग यायची ती वासाने. परसात तांब्याचा बंब पेटलेला असे. शेणीचा धूर, उसाच्या चिपाडाचा गोडसर जळका वास आणि तापलेल्या तांब्याचा दर्प, असे सगळे मिळून माजघरात अंथरुणापर्यंत येई. मग नंबर लागत. पहिली अंघोळ आत्याच्या सासऱ्यांची, दुसरी मामांची, मग कोल्हापूरला कामावर जाणाऱ्या थोरल्या पोरांची, मग आम्हा पाहुण्यांची. बंबाची तोटी सोडून बादली भरायची आणि जेवढे पाणी घेतले तेवढे गार पाणी वरून ओतायचे, हा नियम. शेवटी घरातल्या बायका, आणि त्यांतही सगळ्यांत शेवटी ती, जिने पहाटे चारला उठून जाळ घातला. तोवर बंबातला विस्तव राखेखाली गेलेला असे. तिच्या वाट्याला यायचे ते कोमट म्हणावे असे पाणी. त्यात विसण घालण्याची वेळ तिच्यावर कधी आली नाही.

ती बाई आधी माझी आत्या होती. पुढे आत्येभावाचे लग्न झाले आणि ती जागा वहिनींकडे आली. आमच्याकडे शेती मुलाच्या नावावर होते, तशी शेवटची अंघोळ सुनेच्या नावावर होते. तिचा फेरफार मात्र ताबडतोब होतो, तलाठ्याकडे खेटे घालावे लागत नाहीत.

आता त्या गावात शिरले की वेगळे दृश्य दिसते. एका अंगाला उजळाईवाडीचा विमानतळ, दुसरीकडे गांधीनगरची बाजारपेठ, जवळच गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत, यांच्या मधे सापडलेले हे गाव निम्मे शहर झाले आहे. कौले जाऊन स्लॅब आले आणि स्लॅबवर कुठे कुठे तिरप्या काचेच्या नळ्या आणि वर आडवी टाकी. लोक त्याला नुसते ‘सोलर’ म्हणतात. सरकारी कागदावर ‘सौर उष्णजल संयंत्र’ असे भारदस्त नाव असते, पण पूर्वी कुणीतरी ‘सौर बंब’ असा सुरेख शब्द काढला होता, मला तोच आवडतो. हा सौर बंब खेड्यात घरोघर जावा असे मला वाटते. पण तो घ्या म्हणून सांगताना आपण जी कारणे देतो ती अर्धवट आहेत, आणि त्यामुळेच तो पुष्कळ ठिकाणी पोचत नाही, असेही वाटते. सदतीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज तपासल्यावर एवढे म्हणण्याचा अधिकार मी घेतो.

पहिली गोष्ट, जुन्या लोकांना ऊर्जाबचत कळत नव्हती हा गैरसमज सोडून द्यावा. बंब म्हणजे काय? मधे उभी नळी, तिच्यात जाळ, आणि नळीच्या भोवती सगळीकडून पाणी. आगीची उष्णता बाहेर जाण्यापूर्वी पाण्याला भेटलीच पाहिजे, अशी ती रचना आहे. आगगाडीच्या इंजिनातला बॉयलर याच तत्त्वावर चालायचा. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवला तर जळणातली जेमतेम दहा टक्के उष्णता पाण्याला लागते, बाकीची वाऱ्यावर जाते. बंब त्यापेक्षा पुष्कळच काटकसरी. मोडले ते जळणाचे गणित. गुऱ्हाळे कमी झाली तसे चिपाड मिळेना. कारखान्याचा बगॅस वीजनिर्मितीला जाऊ लागला. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले, शेण कमी झाले. बांधावरची झाडे गेली आणि मग बांधही गेले, त्यांचे प्लॉट झाले. तांब्याला भाव आला तेव्हा घरोघरचे बंब मोडीत निघाले. आता ते हॉटेलांच्या दारात झेंडूची माळ घालून उभे दिसतात.

मधल्या काळात घरात गॅस आला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ज्यांना परवडत नव्हता त्यांच्याकडेही शेगडी पोचली. ही मोठी गोष्ट झाली, तिला नावे ठेवणाऱ्यांतला मी नाही. पण खेड्यातल्या कुठल्याही घराच्या मागच्या दाराने आत जाऊन पाहा. गॅस स्वयंपाकघरात आहे, तो चहाला, आमटीला. सिलिंडर पुरवून वापरायचा असतो. अंघोळीचे पाणी अजून परसातल्या चुलीवरच तापते. म्हणजे धूर घरातून बाहेर गेला, बाईच्या डोळ्यांतून गेला नाही. ज्यांना चूल नको त्यांनी बादलीत सोडायचा रॉड आणला. बटण बंद न करता पाण्यात हात घातल्याने शॉक बसल्याच्या गोष्टी प्रत्येक गल्लीत ऐकायला मिळतील. काहींनी भिंतीवरचा गॅस गिझर लावला. बंद न्हाणीघरात तो जाळ हवेतला प्राणवायू खातो आणि वास नसलेला विषारी वायू सोडतो, त्यात माणसे दगावली आहेत. असा गिझर असेल तर न्हाणीला झरोका हवाच, किंवा तो बाहेर बसवावा. हे विषयाला सोडून असेल, पण सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

आता हिशेब. पाच माणसांचे घर, माणशी वीस लिटरची बादली, म्हणजे शंभर लिटर पाणी. पंचवीस अंशांचे पाणी पंचेचाळीस अंशांवर न्यायचे तर दोन हजार किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात. गिझरला साधारण अडीच युनिटे रोज, महिन्याला सत्तर-पंचाहत्तर. शंभर युनिटांचा टप्पा ओलांडला की घरगुती विजेचा दर दुपटीहून वर जातो, हे बिल भरणाऱ्याला सांगायला नको. दिवे, पंखे, फ्रीज आणि टीव्हीवर जे घर शंभराच्या आत बसते, ते एका गिझरने बाहेर पडते. हेच पाणी उघड्या चुलीवर तापवायचे तर, वाळल्या लाकडाच्या किलोत चार हजार किलोकॅलरी धरल्या आणि त्यांतल्या दहा टक्केच कामी आल्या, म्हणजे रोज पाच किलो जळण. महिन्याला दीड क्विंटल.

हे दीड क्विंटल कोण आणते? त्याची किंमत घरच्या हिशेबात किती लिहितात? शून्य. ‘जळण आमचं घरचंच हाय, त्याला काय पैसं पडत्यात?’ हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे, आणि ते म्हणणारा जवळजवळ नेहमी पुरुष असतो. बाई ते म्हणत नाही, ती त्या वेळी बहुधा जळण आणायला गेलेली असते.

आमच्या बँकेतही याहून वेगळे काही नव्हते, हे कबूल केले पाहिजे. मी १९८३ साली नोकरीला लागलो. राष्ट्रीय बायोगॅस विकास योजना १९८१-८२ मध्ये सुरू झालेली होती आणि गोबर गॅसच्या कर्जांचे उद्दिष्ट प्रत्येक शाखेला असे. मार्च महिना आला की आमची धावपळ. अर्जात रकाने होते: जनावरे किती, जमीन किती, जामीनदार कोण, अनुदान किती. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण आणि जवळजवळ तेवढेच पाणी लागते. ते पाणी आणायचे कुणी, शेण कालवायचे कुणी, हा रकाना नव्हता. कर्ज घरधन्याच्या नावावर, सही त्याची, फोटोत तो, आणि कालवायला ती. दोन वर्षांनी तपासणीला गेलो तेव्हा एका ठिकाणी लोखंडी पिंप गंजून आडवे पडलेले, विहिरीत पावसाचे पाणी साठलेले. घरातल्या म्हातारीने मला खुर्ची दिली, चहा दिला आणि शांतपणे म्हणाली, ‘साहेब, ह्याच्यापरीस आमची चूल बरी, तिला रोज खाऊ घालावं लागत नव्हतं.’ मी शेऱ्यात ‘संयंत्र तांत्रिक कारणाने बंद’ असे लिहिले. तो शेरा खोटा होता. सगळीच संयंत्रे अशी गेली असे नाही, चांगली चाललेलीही मी पाहिली. ती चाललेली घरे आठवली की एक गोष्ट लक्षात येते, तिथे गोठ्याचा कारभार बाईच्या हातात होता आणि तिला विचारून खड्डा खणला होता.

सौर बंबाचे एक बरे आहे, त्याला खाऊ घालावे लागत नाही. थंड पाणी जड, तापलेले हलके, ते आपोआप वर टाकीत चढते. पंप नाही, मोटर नाही. पण सगळे गोडच आहे असे सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नये. कोल्हापूरचा पाऊस त्याने पाहिलेला नाही असे समजावे. आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, आणि कढत पाण्याची खरी गरज तेव्हाच असते, चिखल तुडवून आलेल्या माणसाला. म्हणून घरात बंब असेल तर तो मोडीत घालू नका. दुसरे, वरच्या टाकीत पाणी हवे. नळ आला नाही, नळ्या कोरड्या तापल्या आणि भर दुपारी त्यांत गार पाणी शिरले की काच तडकते. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्याचे क्षार आत बसतात, ते साफ करणारा माणूस गावात हवा. आणि ज्यांच्या डोक्यावर पत्रा किंवा खापरी कौले आहेत त्यांना हे सोपे नाही. त्यांच्यासाठी धुराडे असलेली चांगली चूल किंवा पत्र्याचा स्वस्त बंब हाच आजचा उपाय आहे, आणि त्याकडे कुणाचे लक्ष नाही.

पैशांचे म्हणाल तर केंद्राच्या सौर अभियानात २०१० पासून सौर बंबाला तीस टक्के अनुदान मिळत होते, ते २०१४ मध्ये बंद झाले. आता २०२४ पासूनच्या पीएम सूर्यघर योजनेत छतावर वीज तयार करण्याला अनुदान आहे, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये. चांगले आहे. पण वीज करणारे पॅनेल उन्हाचा पाचवा हिस्सा पकडते, पाणी तापवणारी पेटी निम्म्याच्या आसपास. नुसते पाणीच तापवायचे असेल तर आधी विजेची वाट धरणे म्हणजे दूध घालून चूळ भरण्यासारखे आहे.

शंभर लिटरचा सौर बंब वीस-पंचवीस हजारांत बसतो. एकरकमी ही रक्कम जड, पण हप्त्याने ती जड नाही. आमच्या शेजारी कर्नाटकात सेल्को या कंपनीने १९९५ पासून हेच केले. हरीश हांडे यांनी ग्रामीण बँकांना पटवून दिले की सौर दिव्याच्या कर्जाचा हप्ता गिऱ्हाइकाच्या कमाईच्या तालावर बसवायला हवा. त्यांना २०११ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. कोल्हापूर जिल्ह्यात तर तो ताल आयता आहे. ऊस वर्षातून एकदा पैसे देतो, दूध दर दहा दिवसांनी. गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे, गावोगाव संस्था आहेत, बिल बँकेत जमा होते. म्हशीचे कर्ज दुधातून फिटते, तर अंघोळीच्या पाण्याचे का फिटू नये? एखाद्या सेवा सोसायटीने किंवा बचत गटाने वीस घरांचे मिळून कर्ज काढले तर दुरुस्तीचा माणूसही ठरवता येईल. आणि अर्जात एक रकाना वाढवावा: सध्या पाणी कोण तापवते आणि त्यासाठी किती वाजता उठते? उत्तर देणाऱ्या व्यक्तीच्या नावाने कर्ज मंजूर करावे. बँकेतले माझे जुने सहकारी यावर हसतील, हे मला ठाऊक आहे.

गडमुडशिंगीच्या आमच्या घरावर पुतण्याने दोन वर्षांपूर्वी शंभर लिटरची टाकी बसवली. त्याची पहिली पाळी, त्याला सकाळी सहाला कढत पाणी हवे, म्हणून. मी वहिनींना विचारले, काय फरक पडला?

‘चारला उठायचं सुटलं बघा भावजी. आता साडेपाचला उठते.’ थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘आणि एक झालं. रानातनं दुपारी तीनला आले, हातपाय धुवायला नळ सोडला तर चटका बसला. तेव्हा घरात कोण नसतंय. मागणारं कोण न्हाई. मग रोज तवाच अंघोळ करते. विसण घालून.’

सौर बंबातले पाणी दुपारी तीन-चारलाच सर्वांत तापलेले असते. घरातली पहिली अंघोळ आता त्यांची.

अर्थात याचा परिणाम सकाळी दिसतो. टाकीतले पाणी रात्रीतून निवते, त्यात दुपारी काढलेल्या पाण्याच्या जागी गार पाणी शिरलेले असते, आणि पुतण्याची कुरकुर सुरू होते. परवा त्याचा फोन आला. दोनशे लिटरची घ्यायची तर हप्ता किती बसेल, असे विचारत होता. मी आकडा सांगत होतो, तेवढ्यात मागून वहिनींचा आवाज आला, ‘अर्ज माझ्या नावानं करायचा म्हणावं. दुधाचं बिल माझ्या खात्यावर येतंय.’