अपवाद आणि परंपरा

उपविजेत्यांची नावे लोक सहसा लक्षात ठेवीत नाहीत. १९२६, १९२७ आणि १९२८ अशी लागोपाठ तीन वर्षे विंबल्डनच्या महिला एकेरीची अंतिम फेरी गाठून तिन्ही वेळा पराभूत झालेली स्पेनची लिली आल्वारेस आज फारशी कोणाला आठवत नाही, याचे कारण हेच असावे. पहिल्या वर्षी किटी गॉडफ्रीला तिने तीन सेटपर्यंत झुंजविले. पुढील दोन वर्षे हेलन विल्सपुढे मात्र तिचे काही चालले नाही. १९२९ साली केया बाऊमनसह तिने फ्रेंच स्पर्धेतील दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले. १९३१ साली ती दुभागलेला स्कर्ट घालून विंबल्डनला उतरली, तेव्हा तिच्या खेळापेक्षा तिच्या पोशाखाचीच चर्चा अधिक झाली.

परंतु टेनिस हा तिच्या कर्तृत्वाचा केवळ एक भाग होय. बर्फावरील स्केटिंग, स्कीइंग, मोटारशर्यती या साऱ्यांत तिने प्रावीण्य मिळविले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ती टेनिस खेळली. ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या स्पॅनिश स्त्रियांत तिची गणना होते.

हे तिला कशामुळे शक्य झाले? तिच्या ठायी प्रतिभा होती, यात शंका नाही. परंतु तिचा जन्म १९०५ साली रोममध्ये झाला आणि ती वाढली स्वित्झर्लंडमध्ये, एका सुखवस्तू कुटुंबात. मैदान, साधने आणि मोकळीक या तिन्ही गोष्टी तिला आयत्या लाभल्या. स्पेनमधील सामान्य घरातील मुलीला त्यांतील एकही सहजासहजी मिळत नव्हती. म्हणजे स्पेनचे नाव गाजविणारी ही खेळाडू स्पेनच्या क्रीडाव्यवस्थेने घडविलेली नव्हती.

पुढे फ्रँकोच्या राजवटीत मुलींचे व्यायामशिक्षण सत्ताधारी पक्षाच्या महिला विभागाकडे सोपविण्यात आले. घर आणि मातृत्व हेच स्त्रीचे कार्यक्षेत्र, ही त्या विभागाची शिकवण. ज्यांनी मुलींना मैदानावर आणायचे, त्यांनीच मैदानाची सीमा घराच्या उंबरठ्यापाशी आखली! खुद्द लिलीलाही याची झळ बसली. १९४१ साली स्कीइंगच्या स्पर्धेतील कारभारावर तिने उघड टीका केली, तेव्हा तिला स्पर्धांतून बाद करण्यात आले. त्यानंतर तिने लेखणी हाती धरली आणि स्त्रियांच्या प्रश्नांवर व धर्मचिंतनावर ती लिहीत राहिली.

एक असामान्य व्यक्ती निपजली म्हणजे मार्ग मोकळा झाला, असे समाज सोयीस्करपणे मानतो. वास्तविक अपवाद हा व्यवस्थेचा पुरावा नसतो; पुष्कळदा तो तिच्यावरील आरोपच असतो. लिलीनंतर विंबल्डनच्या एकेरीची अंतिम फेरी गाठणारी दुसरी स्पॅनिश स्त्री पाहण्यास १९९४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी कोंचिता मार्तिनेसने अजिंक्यपदही जिंकले. मधल्या सहासष्ट वर्षांत स्पेनमध्ये गुणी मुली जन्मल्याच नसतील काय?

लिली १९९८ साली माद्रिदमध्ये निवर्तली. म्हणजे तो विजय तिच्या हयातीतच झाला. पायवाट तिने एकटीने पाडली होती; तिचा रस्ता करणे हे एकट्या खेळाडूचे नव्हे, समाजाचे काम असते, आणि त्याला सहासष्ट वर्षे लागावीत, हा दोष पायवाट पाडणारीचा खचित नव्हे.