पन्नाशीत तत्त्वज्ञान, तेही घरबसल्या

बँकेत, शाळेत, सरकारी कचेरीत किंवा घरसंसारात वीस-पंचवीस वर्षे काढलेला माणूस मुक्त विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला नाव घालतो, तेव्हा त्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावे लागते. घरचे आणि कचेरीतले विचारतात, आता या वयात याचा उपयोग काय? विद्यापीठात वावरणारे म्हणतात, तत्त्वज्ञान ही समोरासमोर बसून शिकायची विद्या आहे, घरी आलेल्या पुस्तिका वाचून पदवी मिळेल, तत्त्वज्ञान येणार नाही. पहिला आक्षेप वयावर आहे, दुसरा अंतरावर. दोन्ही आक्षेप घेणारे बहुधा प्रामाणिक असतात आणि दोन्हींना जुनी, भक्कम परंपरा आहे, त्यामुळे वरवरच्या उत्तराने भागणार नाही. माझे म्हणणे असे की वयाचा आक्षेप चुकीचा आहे. अंतराचा आक्षेप अर्धा खरा आहे, पण त्यातला खरा भाग विद्यार्थ्याला लागू पडत नाही, विद्यापीठाला लागू पडतो.

वयाच्या आक्षेपाची सर्वांत जोरकस मांडणी प्लेटोच्याच एका संवादात सापडते. 'गॉर्जिअस'मध्ये कॅलिक्लीज सॉक्रेटिसला सुनावतो, की तरुणपणी थोडेफार तत्त्वज्ञान केले तर ते शोभून दिसते, पण वय वाढल्यावरही जो त्यातच रमतो तो हास्यास्पद ठरतो, त्याला फटकेच दिले पाहिजेत. कर्त्या माणसाने व्यवहार पाहावा, सभा गाजवावी, कारभार करावा. आज 'उपयोग काय' असे विचारणारा नातेवाईक नकळत कॅलिक्लीजचीच बाजू मांडत असतो. पण हा आक्षेप लिहून ठेवणाऱ्या प्लेटोचे स्वतःचे मत याच्या अगदी उलट होते. 'रिपब्लिक'च्या सातव्या भागात त्याने आखलेल्या अभ्यासक्रमात तिशीपर्यंत वादविद्या हातातच द्यायची नाही, मग पाच वर्षे तिचा अभ्यास, मग पंधरा वर्षे प्रत्यक्ष कारभार, आणि त्यातून तावूनसुलाखून निघालेल्यांनी पन्नाशीला तत्त्वचिंतनाच्या अंतिम टप्प्याकडे वळायचे. त्याचे कारणही तो देतो. कोवळ्या वयात वादाची चटक लागली की मुले त्याचा खेळ करतात, दिसेल त्याला खोडून काढतात आणि शेवटी कशावरच विश्वास ठेवीनाशी होतात. अ‍ॅरिस्टॉटल नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात सांगतो, की तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण नीतीच्या विचाराला तो योग्य श्रोता नव्हे, कारण हा विचार ज्या जीवनव्यवहारातून सुरू होतो त्याचा अनुभवच त्याच्या गाठी नसतो. आपल्याकडे बृहदारण्यकात आत्मविद्येचा प्रश्न विचारणारी मैत्रेयी ही कोणी बटू नाही. याज्ञवल्क्य घर सोडून निघाला आहे, संपत्तीची वाटणी करतो आहे, अशा वेळी ती संसारातली स्त्री त्याला थांबवून विचारते. उपयोगाचा प्रश्नही तीच सर्वांत आधी विचारते, आणि तिला अपुरी वाटते ती विद्या नव्हे, संपत्ती.

थोरांची साक्ष म्हणजे पुरावा नव्हे हे खरेच. म्हणून एक उतारा जवळून पाहू. कांटच्या १७८५च्या नीतिमीमांसेवरील ग्रंथात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. अडचणीत सापडलेला माणूस परत करता येणार नाहीत हे पक्के ठाऊक असताना ठरावीक मुदतीत फेडीन असे वचन देऊन पैसे उसने घेतो. कांट म्हणतो, असे वागणे हा सार्वत्रिक नियम झाला तर वचन ही गोष्टच उरणार नाही, कारण कोणी कोणाच्या वचनावर विश्वास ठेवणार नाही. विशीतला विद्यार्थी हा युक्तिवाद पाठ करतो आणि परीक्षेत लिहितो. कर्जविभागात आयुष्य घालवलेला अधिकारी मात्र इथे अडतो. त्याच्या जगात नुसत्या वचनावर कर्ज कधीच मिळत नाही. जामीनदार लागतात, तारण लागते, पानापानावर सह्या लागतात. म्हणजे अविश्वास हा तिथे आधीच नियम झालेला आहे आणि तरीही कर्जव्यवहार सुरळीत चालतो. मग कांटने दाखवलेली विसंगती कुठे गेली? हा प्रश्न खराखुरा तात्त्विक प्रश्न आहे आणि तो त्या माणसाला कोणत्याही मार्गदर्शकाने पुरवलेला नाही. पुढे विचार केला तर त्याला दिसेल, की जामीनपत्र हेही वचनच आहे, तारणाचा कागद ज्या कायद्याच्या जोरावर उभा आहे त्याचीही मुळे पाळल्या जाणाऱ्या शब्दातच आहेत. अविश्वास कितीही पसरला तरी तो कुठल्या तरी विश्वासावरच उभा राहतो. त्याला हेही दिसेल, की बुडीत खात्यांतल्या बहुतेकांनी वचन देताना खोटे बोलायचे ठरवलेले नव्हते. त्यामुळे हेतू आणि परिणाम यांतला कांटचा भेद त्याच्यासाठी कागदावरचा राहत नाही. अनुभव तत्त्वज्ञानाला काय देतो याचे उत्तर इथे मिळते. तो निष्कर्ष देत नाही, तपासायला खरी विधाने देतो.

आणि इथेच प्रौढ विद्यार्थ्याचा खरा धोकाही आहे. 'मी जग पाहिले आहे' या एका वाक्यावर त्याची बुद्धी थांबू शकते. पंचवीस वर्षांत घट्ट झालेली मते त्याला तत्त्वे वाटू लागतात, आणि मग तो अभ्यासाला येतो तो आपल्या मतांना मोठ्या नावांचा आधार शोधायला. प्लेटोने वादविद्येआधी दहा वर्षांचे गणित ठेवले होते हे विसरून चालणार नाही. पन्नाशीत आलेल्यालाही तर्कशास्त्र टाळता येत नाही. अनुमानाचे प्रकार, हेत्वाभास, व्याप्तीची तपासणी हे सगळे कंटाळवाणे वाटले तरी विशीतल्यासारखेच बसून करावे लागते. वयाने विषय कळायला मदत होते, शिस्त आपोआप येत नाही. पण ही अट घालायची तर ती अटच घालावी, दार बंद करू नये.

वयाच्या आक्षेपाला जोडूनच येणारा जागा अडवण्याचा मुद्दा लवकर निकालात निघतो. नोकरीच्या वयातल्या मुलाची जागा हे निवृत्तीला आलेले लोक का घेतात, असे विचारले जाते. वर्गात साठ बाके असतील तर हा प्रश्न रास्त आहे. मुक्त विद्यापीठात लिहिलेला पाठ एकाने वाचला म्हणून दुसऱ्याला कमी पडत नाही. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ साली पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला, मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था १९७१ची, इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५चे आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९चे. कामाच्या आणि घराच्या जबाबदारीत अडकलेल्या माणसालाही शिकता यावे हा या व्यवस्थेमागचा एक मुख्य हेतू आहे. ती ज्यांच्यासाठी उभारली त्यांनीच तिचा लाभ घेतला, यात कोणावर अन्याय होतो असे मला वाटत नाही.

अंतराचा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण त्याच्या पाठीशी खुद्द सॉक्रेटिस उभा आहे. 'फीड्रस'मध्ये तो म्हणतो, की लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात, जिवंत दिसतात पण प्रश्न विचारला तर गप्प बसतात. आपली परंपराही मनन आणि निदिध्यासन यांच्या आधी श्रवण सांगते, आणि श्रवणाला बोलणारा लागतोच. मला हे मान्य आहे. ज्याला प्रतिप्रश्न कधीच विचारला गेला नाही त्याला तत्त्वज्ञान आले असे म्हणता येणार नाही. पण प्रतिप्रश्नाला एकाच खोलीत असावे लागते का? मे १६४३मध्ये हेगमध्ये विजनवासात राहणाऱ्या बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने देकार्तला पत्र लिहून विचारले, की आत्म्याला जर आकारमानच नाही तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तने गुरुत्वाचा दाखला देऊन उत्तर दिले. तिने परत लिहिले की उत्तर पटले नाही, अमूर्त वस्तू शरीराला हलवते हे मानण्यापेक्षा आत्म्यालाच आकारमान आहे असे मानणे मला सोपे वाटते. त्याच पत्रात ती सांगते, की घराण्याच्या कामांमुळे आणि टाळता न येणाऱ्या भेटीगाठींमुळे तिला चिंतनाला हवा तसा वेळ मिळत नाही. प्रौढ दूरस्थ विद्यार्थ्याची सगळी परिस्थिती या पत्रात आहे. अंतर आहे, वेळेची ओढाताण आहे, आणि शंका मात्र अशी धारदार की देहमनाच्या प्रश्नाची चर्चा आजही तिच्यापासून सुरू करावी लागते. हा पत्रव्यवहार १६४९पर्यंत चालला आणि भावनांवरचा देकार्तचा त्याच वर्षी आलेला ग्रंथ त्यातूनच वाढला. एपिक्युरसचा मिनीसियसला केलेला उपदेशही पत्रातलाच आहे, आणि तरुणाने तत्त्वज्ञान लांबणीवर टाकू नये व म्हाताऱ्याने त्याला कंटाळू नये, असे सांगूनच तो सुरू होतो. कागदावर शंका मांडताना माणसाला वाक्य पुरे करावे लागते. वर्गात हातवारे आणि 'म्हणजे तसं नाही' यांवर वेळ मारून नेता येते, पत्रात येत नाही. आपल्या भाष्यकारांनी तर प्रतिपक्षालाच ग्रंथात आणून बसवले. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय सिद्धान्त सांगायचा नाही, ही शिस्त पाळून लिहिलेला पाठ वाचणाऱ्याला एकटे सोडत नाही.

म्हणजे अंतर हा दोष नाही, दोष आहे निरुत्तर राहणे. आणि निरुत्तर राहण्याची सोय आज अनेक ठिकाणी केलेली आहे, हे मात्र मोकळेपणाने कबूल केले पाहिजे. इग्नूच्या एम.ए.मध्ये स्वाध्यायांना तीस टक्के गुण असतात. कल्पना उत्तम आहे, कारण शिक्षक आणि विद्यार्थी यांची खरी गाठ त्या कागदावरच पडायची असते. प्रत्यक्षात दूरशिक्षणातला स्वाध्याय कुठलाही असो, बरेचदा कोपऱ्यात आकडा आणि खाली सही एवढेच घेऊन परत येतो. उत्तरात हेत्वाभास कुठे झाला, कोणते विधान गृहीत धरले, याबद्दल एक अक्षर नसते. मग बाजारात तयार उत्तरे विकली जातात आणि ती उतरवणाऱ्याचे काही बिघडत नाही, यात नवल काय? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९मध्ये सनद मिळाली आणि १९७१मध्ये सुमारे २५ हजार विद्यार्थ्यांनी तिथे अभ्यास सुरू केला, त्याआधी ही कल्पना म्हणजे शुद्ध वेडगळपणा असे म्हणणारे पुढारी तिथेही होते. त्या विद्यापीठाने आपली पत कमावली त्यात दूरदर्शनवरच्या व्याख्यानांइतकाच, माझ्या मते त्याहून जास्त, वाटा शिक्षकांनी प्रत्येक निबंधावर लिहून पाठवलेल्या शेऱ्यांचा आहे. आपल्याकडे तपासनिसाचे मानधन बहुधा वहीमागे ठरते. ते तुटपुंजे असेल तर तो वाचणार नाही, चाळणार. तेव्हा दूरशिक्षणाने तत्त्वज्ञान शिकता येत नाही असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट तपासून पाहावी, की ते दोन खऱ्या गोष्टींची तुलना करत आहेत का. एका पारड्यात वाईटात वाईट मुक्त अभ्यासक्रम आणि दुसऱ्या पारड्यात पाच विद्यार्थी व एक थोर गुरू, असे वजन करून उपयोग नाही. तालुक्याच्या गावात नोकरी करणाऱ्यासमोर तो थोर गुरू कधीच नव्हता. तत्त्वज्ञानाचा विभाग असलेले महाविद्यालयही त्याला शोधावे लागते.

मराठी विद्यार्थ्याची आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फारसे बोलले जात नाही. इग्नूचे तत्त्वज्ञानाचे पदव्युत्तर पाठ इंग्रजी-हिंदीत आहेत. पन्नाशीतल्या शिक्षिकेला कांट इंग्रजीतून वाचता येईल, पण शंका तिला मराठीतच येणार. ती मराठीत मांडायला लागणारी साधने आपल्याकडे तयार आहेत. दे. द. वाडेकरांनी संपादलेला तीन खंडांचा 'मराठी तत्त्वज्ञान महाकोश' १९७४ सालचा आहे, विश्वकोशात मे. पुं. रेगे यांनी लिहिलेल्या तत्त्वज्ञानावरच्या नोंदी आज कोणालाही संगणकावर फुकट वाचता येतात. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान नेमक्या मराठीत कसे सांगावे याचा वस्तुपाठ त्या नोंदींत आहे. अभ्यासकेंद्रांनी एवढे तरी करावे, की ही पुस्तके संदर्भयादीत घालावीत, विद्यार्थ्याला शंकापत्र मराठीत लिहू द्यावे, आणि दर स्वाध्यायावर तपासनिसाने किमान एक प्रश्न लिहिलाच पाहिजे व विद्यार्थ्याने त्याचे उत्तर दिल्याशिवाय गुण नोंदवले जाऊ नयेत असा नियम करावा. विकतची उत्तरे आणि संगणकाने लिहून दिलेली उत्तरे त्या दुसऱ्या प्रश्नापाशी उघडी पडतील. तपासनिसाला त्यासाठी दुप्पट वेळ लागेल, आणि त्या वेळाचे मानधन विद्यापीठाने द्यायला हवे.